सुई हलली, पण कशाने? होमिओपॅथीच्या विरलनांवरील विद्युत-रासायनिक चाचण्यांची चिकित्सा

‘आता तर आयआयटीनेच सिद्ध केले आहे.’ होमिओपॅथीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येते. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात रसायनशास्त्र शिकवताना मी ते पालकांकडून ऐकले आहे, डॉक्टर मित्रांकडून ऐकले आहे आणि बारावीच्या वर्गातही ऐकले आहे. वाक्य म्हणणाऱ्याने मूळ शोधनिबंध वाचलेला असतोच असे नाही. पण तसा निबंध आहे, आणि तो गांभीर्याने लिहिलेला आहे. त्याच्या जोडीला पाण्याची विद्युतवाहकता, उष्णता आणि विद्युत गुणधर्म मोजून ‘औषध नसलेल्या औषधात’ काहीतरी वेगळे असल्याचे सांगणारे आणखी काही प्रयोग आहेत. या प्रयोगांनी नेमके काय मोजले, त्यावरून कोणता निष्कर्ष निघतो आणि कोणता निघत नाही, एवढेच या लेखात पाहायचे आहे. होमिओपॅथीची टिंगल करण्याचा हेतू नाही. टिंगल सोपी असते आणि तिने कोणाचेही मत बदलत नाही.

प्रश्न काय आहे?

सॅम्युएल हानेमान या जर्मन डॉक्टरने १७९६ मध्ये ‘समाने समान बरे होते’ हे सूत्र मांडले आणि १८१० मध्ये ‘ऑर्गनॉन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पद्धतीत मूळ द्रव्याचा एक भाग आणि द्रावकाचे ९९ भाग एकत्र करून जोरदार झटके देतात. ही झाली १ सी पोटन्सी. तिचा एक भाग घेऊन पुन्हा ९९ भागांत मिसळला की २ सी. असे तीस वेळा केले की ३० सी. दर पायरीला शंभरपट विरलन, म्हणजे ३० सी मध्ये मूळ द्रव्य १ वर ६० शून्ये इतक्या पटींनी विरळ झालेले असते.

अकरावीच्या मुलालाही ॲव्होगाड्रोचा आकडा ठाऊक असतो. एका मोलमध्ये सुमारे ६०२ वर २१ शून्ये एवढे रेणू असतात. १२ सी च्या आसपासच मूळ द्रव्याचा शेवटचा रेणू उरण्याची शक्यता संपत येते. ३० सी चा हिशोब मी वर्गात फळ्यावर करून दाखवतो. औषधाचा एक रेणू सापडावा म्हणून पाण्याचे १ वर ६० शून्ये इतके रेणू लागतील. त्यांचे वजन काढले तर ते सुमारे पंधरा हजार सूर्यांच्या वजनाइतके भरते. आणि ३० सी ही काही दुर्मीळ पोटन्सी नव्हे. करोनाच्या काळात घरोघरी पोचलेल्या ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ मधला ३० तो हाच.

तेव्हा होमिओपॅथीच्या समर्थकांपुढे दोनच वाटा उरतात. पहिली, हिशोब चुकतो आहे आणि द्रव्य प्रत्यक्षात बाटलीत शिल्लक राहते. दुसरी, द्रव्य राहत नाही पण पाण्यावर त्याचा ठसा राहतो. आयआयटी मुंबईचा निबंध पहिल्या वाटेने जातो. वाहकता आणि उष्णता मोजणारे प्रयोग दुसऱ्या. या दोन वाटा एकमेकींना पूरक नाहीत, उलट एकमेकींना छेद देतात. द्रव्य बाटलीत असेलच तर पाण्याच्या आठवणीची गरज काय? तरीही व्याख्यानांत दोन्ही पुरावे एकाच दमात दिले जातात.

आयआयटीच्या निबंधात काय आहे?

प्रशांत चिक्रमाने, ए. के. सुरेश, जयेश बेल्लारे आणि शांताराम काणे यांचा हा निबंध २०१० मध्ये ‘होमिओपॅथी’ याच नावाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. सोने, तांबे, कथील, जस्त, चांदी आणि प्लॅटिनम या सहा धातूंपासून केलेली औषधे त्यांनी बाजारातून घेतली. पोटन्सी ६ सी, ३० सी आणि २०० सी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना धातूचे नॅनोकण दिसले आणि रासायनिक विश्लेषणात धातूचे प्रमाण मिलीलिटरमागे पिकोग्रॅमच्या पातळीवर मोजता आले. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हिशोबाने जिथे एक अणूही नसायला हवा, तिथे कण सापडले. ही बातमी देशभर गाजली यात नवल नाही.

उपकरणे उत्तम, संशोधक जाणते. मग निबंध काय सिद्ध करतो? त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बातम्यांत आली नाही. ६ सी च्या पुढे धातूचे प्रमाण घटत जात नाही. ३० सी आणि २०० सी मध्ये ते जवळपास त्याच पातळीवर टेकून राहते. ‘लँगम्यूअर’ या नियतकालिकात २०१२ साली आलेल्या पुढच्या निबंधात याच गटाने त्याचे स्पष्टीकरण सुचवले. झटके दिल्यावर द्रवात बुडबुडे उठतात, नॅनोकण त्या बुडबुड्यांना चिकटून वर येतात, आणि पुढच्या पायरीसाठी वरचा थर घेतला की कणही सोबत जातात. खनिज वेगळे काढण्याच्या उद्योगात फेसावर तरंगवण्याची हीच युक्ती वापरतात.

कल्पना हुशार आहे. पण ती खरी मानली तर होमिओपॅथीचे काय होते हे पाहा. हानेमानचे म्हणणे असे की जितके विरलन जास्त तितकी औषधाची शक्ती जास्त. २०० सी ही ३० सी पेक्षा ‘खोल’ जाते. आयआयटीचे म्हणणे असे की एका मर्यादेपुढे विरलन होतच नाही. दोन्ही बाटल्यांत तेच द्रव्य साधारण तेवढेच असेल, तर पोटन्सीची निवड, जी होमिओपॅथीच्या डॉक्टरची मुख्य विद्या मानली जाते, तिला भौतिक आधार उरत नाही. ज्या निबंधाचा दाखला समर्थक देतात, तोच त्यांच्या सिद्धांताचा मध्यवर्ती खांब काढून घेतो.

दुसरा मुद्दा नमुन्यांचा. बाजारातून आणलेल्या बाटलीला जुळी बाटली नसते. त्याच कारखान्यात, त्याच यंत्रावर, त्याच काचेत, त्याच मद्यार्कात, तितकेच झटके देऊन, पण सुरुवातीला सोने न घालता केलेली बाटली शेजारी असती, तरच सापडलेले सोने पहिल्या पायरीपासून आले असे ठामपणे म्हणता आले असते. जस्त आणि तांबे तर झाकणापासून नळापर्यंत सगळीकडे असतात. पिकोग्रॅमच्या पातळीवर काम करताना प्रश्न ‘धातू आहे का?’ हा नसतोच. ‘तो कुठून आला?’ हा असतो.

तिसरा मुद्दा व्याप्तीचा. सहाही द्रव्ये पाण्यात न विरघळणारे धातू आहेत. फेसावर कण तरंगायला आधी कण असावे लागतात. होमिओपॅथीत ‘नॅट्रम म्यूर’ नावाचे लोकप्रिय औषध आहे. ते म्हणजे आपले साधे मीठ. मीठ पाण्यात पडले की त्याचे आयन सुटे होतात, कण राहत नाही. वनस्पतींच्या अर्कांपासून केलेल्या शेकडो औषधांचेही या निबंधाने काहीच सांगितलेले नाही. सहा धातूंचा निष्कर्ष सबंध कपाटाला लावता येत नाही.

आणि मात्रेचे काय? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) जस्ताची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे मिलिलिटरमागे ५० लाख पिकोग्रॅम. जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या पाइपातून आलेल्या पेलाभर पाण्यात ‘झिंकम मेट’च्या अख्ख्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त जस्त सहज असू शकते. नॅनोकणाचा परिणाम विरघळलेल्या जस्ताहून वेगळा असतो असे उत्तर यावर मिळते. असेलही. पण तो वेगळा प्रयोग झाला, आणि तो या निबंधात नाही.

वाहकतेचा मीटर काय सांगतो?

आता दुसरी वाट. इटलीत नेपल्स विद्यापीठाचे व्हित्तोरिओ एलिया आणि मार्चेल्ला निक्कोली यांनी १९९९ पासून अतिविरल द्रावणांवर दीर्घकाळ काम केले. अशी द्रावणे सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मिसळली की साध्या पाण्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते आणि त्यांची विद्युतवाहकताही जास्त भरते, असे त्यांचे निरीक्षण. द्रावण जितके मुरत ठेवावे तितका हा फरक वाढतो, आणि थोड्या आकारमानात साठवले तर तो अधिक दिसतो, असेही त्यांनी नोंदवले.

पाण्याची वाहकता म्हणजे काय हे आधी नीट पाहू. वीज पाण्यातून जाते ती आयनांच्या खांद्यावरून. अतिशुद्ध पाण्याची वाहकता २५ अंश सेल्सियसला सेंटीमीटरमागे ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. तेच पाणी उघड्या चंचुपात्रात ठेवले की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, सौम्य कार्बनिक आम्ल बनते, सामू ५.६ च्या आसपास उतरतो आणि वाहकता साधारण १ मायक्रोसीमेन्सवर पोचते. म्हणजे कोणीही काहीही न घालता नुसत्या हवेने वाहकता सुमारे अठरापट वाढली. आमच्या बेसाल्टच्या खडकातून येणारे बोअरचे जड पाणी घेतले तर आकडा शेकड्यांत, कधी हजारावर जातो. तेव्हा ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटलीत बोअरच्या पाण्याचा एखादा थेंब राहून गेला तरी मीटर ते ओळखतो. मीटरचा हा गुण आहे आणि अडचणही तीच: तो अत्यंत संवेदनशील आहे, पण त्याला नाव विचारता येत नाही. आयन आले एवढे तो सांगतो. कोणाचे आले ते सांगत नाही.

होमिओपॅथीचे विरलन करताना काय होते? तीस बाटल्या उघडतात, तीस वेळा झटके बसतात, दर झटक्याला हवा द्रवात घुसळली जाते. ऑक्सिजन विरघळतो, कार्बन डायऑक्साइड विरघळतो, करणाऱ्याचा श्वासही त्यात असतो. काचेची आतली बाजू पुन्हा पुन्हा धुतली जाते. साध्या काचेतून सोडियमचे आयन पाण्यात उतरतात आणि पाण्यातले हायड्रोजन आयन काचेत शिरतात. सोबत सिलिकाही थोडी सुटते. बोरोसिलिकेट काचेत हे कमी होते, थांबत नाही. उतरलेले सोडियम आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून सोडियम बायकार्बोनेट तयार होते, म्हणजे आपला खायचा सोडा. तो वाहकता वाढवतो. आणि त्यात सोडियम हायड्रॉक्साइड मिसळले तर बायकार्बोनेटचे कार्बोनेट होताना उष्णता बाहेर पडते. नेपल्सच्या दोन्ही निरीक्षणांना लागणारे साहित्य बाटलीच्या भिंतीतच आहे.

हे एलिया यांना माहीत नव्हते असे नाही. काचेतून येणाऱ्या अशुद्धींची नोंद त्यांनी स्वतः घेतली आहे, आणि त्यांचा वाटा वजा करून जे उरते तेच ‘जादा’ म्हणून मांडले आहे. माझी हरकत या वजाबाकीला आहे. वजाबाकी तेवढ्याच अशुद्धींची होते ज्या मोजल्या. न मोजलेले सगळे उत्तराच्या खात्यात जमा होते, आणि मग त्या बाकीला ‘पाण्याची नवी रचना’ असे नाव मिळते. त्यात त्यांचीच दोन निरीक्षणे काचेकडे बोट दाखवतात. मुरत ठेवल्यावर फरक वाढतो, कारण काच दिवसेंदिवस विरघळत राहते. थोड्या आकारमानात फरक जास्त दिसतो, कारण तेव्हा प्रत्येक मिलिलिटरच्या वाट्याला काचेचा पृष्ठभाग जास्त येतो. पाण्याला आठवण असती, तर ती बाटलीच्या आकारावर का अवलंबून राहावी?

पाण्याच्या आठवणीबद्दल भौतिकशास्त्राचे मोजमाप उपलब्ध आहे. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात आणि सोडतात. टोरांटोच्या गटाने २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की द्रव पाण्यातल्या या जाळ्याची स्मृती ५० फेम्टोसेकंदांच्या आत पुसली जाते. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा कोटी कोटीवा भाग. औषधाची बाटली मात्र कपाटात वर्षानुवर्षे राहते.

मद्यार्क, तापमान आणि गोळी

विद्युत-रासायनिक चाचण्यांत आणखी तीन खाचखळगे आहेत. वाचणाऱ्याने ते ओळखायला शिकले तर पुढचा कोणताही निबंध त्याला स्वतः तपासता येईल.

पहिला मद्यार्क. दुकानातले द्रव औषध बहुतांशी मद्यार्कात असते. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ७८ च्या आसपास, मद्यार्काचा २४ च्या आसपास. दोन बाटल्यांतल्या मद्यार्काचे प्रमाण टक्क्याने जरी वेगळे असले तरी वाहकता आणि परावैद्युत मोजमाप दोन्ही बदलतात. झाकण किती वेळ उघडे होते, एवढ्यावरही हे अवलंबून असते.

दुसरा तापमान. साध्या क्षारांच्या द्रावणाची वाहकता अंशामागे सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. अतिशुद्ध पाण्याची त्याहून जास्त. आमच्याकडे मे महिन्यात सकाळ आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक काहीच नाही. सकाळी साधे पाणी मोजले आणि दुपारी औषध, तर वीस टक्क्यांचा ‘शोध’ नुसत्या उन्हाने लागेल.

तिसरा खळगा सर्वांत मोठा, आणि त्याच्याकडे दोन्ही पक्ष फारसे पाहत नाहीत. मीटर बुडतो बाटलीत. रुग्ण खातो गोळी. साखरेच्या गोळ्यांवर थेंब टाकतात, मद्यार्क आणि पाणी उडून जाते, आणि कोरडी गोळी पुडीत बांधली जाते. द्रव पाण्याच्या रचनेत औषध असेल, तर पाणी उडाल्यावर ते गेले कुठे? गोळीने ठसा उचलला असे म्हटले तर आता साखरेलाही आठवण द्यावी लागते. ‘वाहकता बदलली’ पासून ‘ताप उतरला’ पर्यंतच्या वाटेवर ही पायरी गाळलेली आहे.

१९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागात, विशेषतः आमच्याच तालुक्यातल्या सास्तूरच्या परिसरात, भूकंपमापकाची भाषा लोकांच्या कानावर पडली. जमिनीची प्रत्येक हालचाल भूकंप नसते. जवळून जड ट्रक गेला तरी सुई हलते. म्हणून एका ठिकाणच्या नोंदीवर कोणी भूकंप जाहीर करत नाही. अनेक केंद्रांच्या नोंदी जुळवून पाहतात. वाहकतेच्या मीटरलाही हाच न्याय लावायला हवा.

मग चाचणी कशी करावी?

टीका करणाऱ्याने योग्य चाचणी कशी असते तेही सांगावे. ही चाचणी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. वाहकतामापक, स्थिर तापमानाचे पाणपात्र आणि चांगले ऊर्ध्वपातित पाणी एवढे पुरे.

एकाच खोक्यातल्या साठ बाटल्या घ्याव्यात, एकाच दिवशी सारख्याच धुवाव्यात. वीस बाटल्यांत मिठापासून पायरीपायरीने केलेली ३० सी असावी. वीसांत तितक्याच पायऱ्या आणि तितकेच झटके, पण सुरुवात साध्या पाण्यापासून. उरलेल्या वीसांत झटके न दिलेले तेच पाणी. हाच सगळा संच पुन्हा एकदा प्लॅस्टिकच्या बाटल्यांत करावा, म्हणजे काचेचा वाटा वेगळा दिसेल. नंतर ज्याने द्रावणे केली नाहीत अशा माणसाने चिठ्ठ्या टाकून बाटल्यांना क्रमांक द्यावेत आणि यादी पाकिटात बंद करावी. मोजणाऱ्याला क्रमांकापलीकडे काही ठाऊक नसावे. किती फरक आढळला तर तो फरक मानायचा, हे पाकीट उघडण्याआधी लिहून ठेवावे.

तिसऱ्या गठ्ठ्यापेक्षा पहिले दोन्ही वेगळे निघतील अशी माझी अपेक्षा आहे, कारण झटक्यांनी हवा आणि काच दोन्ही पाण्यात येतात. होमिओपॅथीचा दावा खरा ठरायचा तर पहिला गठ्ठा दुसऱ्यापेक्षा वेगळा निघायला हवा. सगळा वाद या एका तुलनेत आहे. नुसत्या साध्या पाण्याशी तुलना करून ‘औषध वेगळे आहे’ म्हणणाऱ्या प्रयोगाने हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

ओळख लपवणे किती महत्त्वाचे असते याचा धडा १९८८ मध्ये मिळाला आहे. फ्रान्सच्या जाक बँव्हनिस्त यांचा अतिविरल प्रतिपिंडांवरचा निबंध ‘नेचर’ने छापला आणि मग संपादक जॉन मॅडॉक्स, जादूगार जेम्स रँडी आणि वॉल्टर स्टुअर्ट त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. मोजणाऱ्यापासून नमुन्यांची ओळख लपवताच परिणाम नाहीसा झाला. यावरून कोणी लबाड ठरत नाही. ज्याला उत्तर ठाऊक असते त्याचा डोळा सुईला थोडा ढकलतो, एवढाच त्याचा अर्थ.

पणाला काय लागले आहे?

समजा, उद्या अशा कडक चाचणीत पहिला गठ्ठा खरोखर वेगळा निघाला. तो भौतिकशास्त्रातला मोठा शोध ठरेल. पण त्याने संधिवात बरा होतो असे सिद्ध होणार नाही. चिमूटभर मीठही वाहकता शेकडो पटींनी बदलते. म्हणून मीठ औषध होत नाही. रोग बरा होतो का, याचे उत्तर रुग्णांवरच्या चाचण्यांतूनच मिळते. ‘लॅन्सेट’मध्ये २००५ साली होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक वैद्यकाच्या ११० चाचण्यांची तुलना आली, त्यातल्या मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्यांत होमिओपॅथीचा परिणाम साखरेच्या गोळीहून वेगळा असल्याचा पुरावा दुबळा ठरला. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये निष्कर्ष काढला की कोणत्याही आजारावर ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही.

तालुक्याच्या गावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. इथे रात्री दार उघडणारा डॉक्टर पुष्कळदा होमिओपॅथीची पदवी घेतलेलाच असतो. तो रुग्णाचे ऐकून घेतो, घरच्यांना ओळखतो, उधारीवर तपासतो. त्याची ही सेवा खरी आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या अशा डॉक्टरांना आधुनिक औषधे लिहून देण्याची वाट काढली. त्यावरचा वाद अजून धुमसतो आहे. त्या वादाची बाजू कोणतीही घ्या, एक गोष्ट लक्षात येते: गरज पडली की शासन आणि डॉक्टर दोघेही मोजता येणाऱ्या औषधाकडे वळतात. धोका तिथे आहे जिथे ‘आयआयटीने सिद्ध केले’ या वाक्याच्या भरवशावर कोणी साखरेचे इन्सुलिन बंद करतो, क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडतो किंवा सर्पदंशानंतरचा पहिला तास घालवतो. त्या वेळी पिकोग्रॅमच्या मोजमापाचा आणि त्या निर्णयाचा काहीही संबंध नसतो.

या विषयातले एक नाव आपण विसरता कामा नये. कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार पाश्चात्त्य वैद्यकातले एम.डी., १८६७ मध्ये उघडपणे होमिओपॅथीकडे वळले आणि त्यासाठी त्यांनी समव्यावसायिकांचा रोष पत्करला. त्याच सरकारांनी १८७६ मध्ये ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था उभी केली. पुढे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तिथेच नोबेल मिळवून देणारे काम केले. होमिओपॅथीवर विश्वास असलेल्या माणसाने देशाला मोजमापाची शाळा दिली. आज होमिओपॅथीच्या समर्थकांनी त्यांचा हा दुसरा वारसाही घ्यावा असे मला वाटते.

वर दिलेली चाचणी कोणाही महाविद्यालयाने करावी. तिथे विरोधक आणि समर्थक दोघांनी मिळून बाटल्या भराव्यात, पाकिटावर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी तो आकड्यांसकट छापावा. पहिला आणि दुसरा गठ्ठा वेगळे निघाले, आणि दुसऱ्या गावातही तसेच निघाले, तर या लेखातली माझी भूमिका मला बदलावी लागेल. सारखे निघाले तर ‘आयआयटीने सिद्ध केले’ हे वाक्य उच्चारण्याआधी, नेमके काय सिद्ध केले, एवढे तरी विचारले जावे.